एका गुणाने हुकलेली बिअर

नरकचतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नानाच्या वेळी, डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडायचे आणि त्याचा रस जिभेला लावायचा, ही कोकणातली जुनी चाल. पुढे चार दिवस करंज्या, अनारसे आणि शंकरपाळ्यांचा मारा व्हायचा असतो. पण त्या साऱ्या गोडाधोडाचा आरंभ होतो तो कडवटपणाने. गुढीपाडव्याचेही तेच. नव्या वर्षाचा पहिला घास कडुनिंबाचा. आपल्या पूर्वजांना कडू चवीची किंमत ठाऊक होती हे उघडच आहे. आयुर्वेदातील सहा रसांत मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय अशी गणना आहे. आणि मौज अशी की, त्यातला कडू रस म्हणजे कटु नव्हे, तर तिक्त. कटु म्हणजे मिरीसारखे झणझणीत. त्या कटूचा प्राकृतातून येता येता मराठीत 'कडू' झाला आणि वाटेत कोठे तरी मिरी सोडून तो कारल्याच्या वेलावर चढला!

इतके असूनही मराठी बोलण्यात कडू हा शब्द बदनामच राहिला आहे. कडू बोल, कडू अनुभव, आणि तुपात तळून साखरेत घोळले तरी कडूच राहणारे ते कारले. म्हणूनच ज्या पेयाला त्याचे भक्त नुसते 'कडू' या नावाने हाक मारतात, त्याविषयी मला प्रथमपासून कुतूहल वाटत आले. इंग्रज मनुष्य पबमध्ये जाऊन 'एक पाइंट बिटर' मागतो, तेव्हा त्याच्या पुढ्यात येते ती बहुधा पेल एल या घराण्यातलीच बिअर असते. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत इंग्लंडात अशीच एक घरी केलेली पेल एल चाखण्याचा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती कशी तपासली जाते हे पाहण्याचा योग आला. मराठीचा प्राध्यापक आणि बिअर, हे समीकरण पाहून काही वाचक भुवया उंचावतील. त्यांना एवढेच सांगतो की, हा लेख मद्यपानाच्या प्रचारासाठी नाही. तो परीक्षेविषयी आहे. आणि परीक्षा हा तर आमचा धंदाच!

फिकट रंगाची जन्मकथा

बिअरचे मूळ जवात आहे. जव भिजवून त्यांना मोड आणायचे आणि मग ते भट्टीत वाळवायचे. याला माल्ट म्हणतात. नाचणीला मोड आणून, वाळवून तिचे सत्त्व करणाऱ्या आपल्या घरांतील आजीबाईंना यात नवे असे काहीच वाटणार नाही. पूर्वी ही भट्टी लाकडावर चाले. धुराने आणि कमीजास्त आचेने माल्ट करपून तपकिरी होई, आणि बिअरही तशीच काळपट निघे. सतराव्या शतकात डर्बीशायर परगण्यात दगडी कोळशापासून केलेला कोक या भट्ट्यांत वापरू लागले. कोकला धूर नाही आणि त्याची आच हाताशी राहते. माल्ट फिकट निघाला, आणि त्याची बिअर मधासारखी, तांबूस सोनेरी. तीच पेल एल. तिला 'फिकट' म्हणायचे ते काळ्या बिअरच्या शेजारी ठेवून. एरवी ती चांगली गडद असते.

या बिअरचा आपल्या देशाशी ऋणानुबंध आहे. लंडनच्या पूर्वेला बो येथे हॉजसन नावाच्या माणसाने १७५२ साली बिअरचा कारखाना काढला. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जेथे नांगर टाकीत तो धक्का तेथून जवळच. जहाजांचे कप्तान आपल्या खासगी व्यापारासाठी हॉजसनकडून पिंपे उचलीत. तो त्यांना दीड दीड वर्षाची उधारी देई. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, काही महिन्यांनी ती पिंपे मुंबई-कलकत्त्याला उतरत, आणि साहेबलोक उकाड्याने हैराण होऊन त्यांवर तुटून पडत. पुढे १८२२ च्या सुमारास कंपनीच्या एका संचालकाने बर्टन गावच्या ऑलसॉप या कारखानदाराला या व्यापारात उतरण्याचा आग्रह केला. रशियाशी चालणारा बर्टनचा व्यापार तेव्हा बसला होता. त्याने ही संधी साधली. पाठोपाठ बास आले. 'इंडिया पेल एल' हे नाव जगभर गेले ते असे. बासच्या बाटलीवरील तांबडा त्रिकोण हे १८७६ साली इंग्लंडात नोंदले गेलेले पहिले व्यापारचिन्ह. १८८२ मधील माने या फ्रेंच चित्रकाराच्या गाजलेल्या चित्रात मद्यगृहातील गल्ल्यावर त्या त्रिकोणाच्या बाटल्या स्पष्ट दिसतात.

ही बिअर खास हिंदुस्थानच्या प्रवासात टिकावी म्हणून शोधून काढली, अशी एक गोष्ट सर्रास सांगितली जाते. ती ऐकायला छान आहे, पण खरी नाही. अशी फिकट, हॉप जास्त घातलेली बिअर इंग्लंडात आधीपासून होत होती, आणि तिच्यापेक्षा वेगळ्या बिअरही हिंदुस्थानपर्यंत सुखरूप पोचत होत्या. गोऱ्या सोजिरांच्या वाट्याला तर बहुधा काळी पोर्टरच येई. फिकट बिअर ही अधिकाऱ्यांची चैन होती.

बर्टनचे यश मात्र काल्पनिक नव्हे. त्या गावच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम पुष्कळ आहे. या क्षारामुळे कडवटपणा जिभेवर रेंगाळत न बसता स्वच्छ, कोरडा उमटतो. आजही जगात कोठेही पेल एल करणारे लोक आपल्या पाण्यात जिप्सम टाकून त्याचे 'बर्टन' करून घेतात. सुगरणीच्या हाताला चव असते असे आपण म्हणतो. येथे चव विहिरीला होती.

घरच्या चुलीवर

घरी बिअर करणे हा इंग्लंडात शेकडो वर्षे गृहिणीच्या कामाचा भाग होता. १८८० साली ग्लॅडस्टनने त्यावर परवान्याचे बंधन घातले आणि १९६३ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री मॉडलिंग यांनी ते उठवले. आता तेथे घरापुरती बिअर कोणीही करावी. विकायची मात्र नाही. अमेरिकेत १९३३ मध्ये दारूबंदी उठली, पण घरच्या बिअरला मोकळीक मिळाली नाही. अध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केली तेव्हा कोठे ती मिळाली. त्या काळी कॅलिफोर्नियातील चिको गावी घरगुती बिअरच्या साहित्याचे दुकान चालवणारा केन ग्रॉसमन हा तरुण पुढे सिएरा नेवाडा या कारखान्याचा जनक झाला. त्याने १९८० साली केलेल्या पेल एलने त्या देशाची चवच पालटली. तिच्यात कॅस्केड जातीचा हॉप असतो. त्याला पपनसाच्या सालीसारखा वास येतो. इंग्रजी हॉपचा वास निराळा, मातीचा, फुलांचा, वाळल्या गवताचा.

आपल्याकडे मात्र कोणी उत्साहाच्या भरात पातेले चढवू नये. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात परवान्यावाचून घरी मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. कौटिल्य याबाबत थोडा सैल होता. अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात त्याने सुरेच्या धंद्यावर कडक पहारा बसवला आहे. पण गृहस्थांना सणाकार्यासाठी घरी पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभाही दिली आहे. आंबवण्याच्या क्रियेला लागणारे 'किण्व' कशाचे आणि किती, हेही तो सांगतो. पुण्यात २००९ साली गिऱ्हाइकासमोर बिअर तयार करणारे एक छोटे मद्यगृह निघाले, ते अर्थात रीतसर परवान्याने. त्याचे नाव 'डूलाली'. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत आपल्या देवळालीच्या छावणीत खितपत पडलेले गोरे सोजीर वेडेपिसे होत; त्यावरून 'देवळाली'चा अपभ्रंश होऊन इंग्रजीत वेडसर या अर्थी हा शब्द रूढ झाला. गावाचे नाव साता समुद्रापार जाऊन, अर्थ बदलून परत घरी आले!

माझे मामेभाऊ अण्णा गेली कित्येक वर्षे डर्बीला असतात. विमानांची इंजिने बनवण्याच्या कारखान्यात ते इंजिनिअर. पन्नाशी उलटल्यावर त्यांना हा छंद जडला. इंजिनिअरच तो, सारे काही मापात. साधारण पाच किलो माल्ट भरडून घ्यायचा, पासष्ट ते सदुसष्ट अंश उष्णतेच्या पाण्यात तासभर भिजत ठेवायचा. मोड आलेल्या जवातील द्रव्ये पिठाची साखर करतात. तो गोड रस निथळून घेऊन तासभर उकळायचा आणि उकळताना त्यात हॉप टाकायचे. हॉप म्हणजे एका वेलीची हिरवी, खवलेदार फुले. ही वेल भांगेच्या कुळातली, पण तिच्या फुलांत भांगेची नशा नाही. आहे तो फक्त कडवटपणा आणि सुवास. लवकर टाकलेले हॉप कडूपणा देतात, शेवटी टाकलेले वास देतात. फोडणीत पडलेली कोथिंबीर आणि वरून भुरभुरलेली कोथिंबीर यांत असतो तसा हा फरक. मग रस झटपट गार करून त्यात यीस्ट घालायचे आणि अठरा ते वीस अंशांवर ठेवून द्यायचा. आठ-पंधरा दिवसांत साखरेचा मद्यार्क होतो. शेवटी बाटलीत किंचित साखर घालून बूच मारले की आणखी दोनेक आठवड्यांत तिच्यात बुडबुडे भरतात. एका खेपेला पाच गॅलन, म्हणजे बरोबर चाळीस पाइंट.

डर्बीच्या मराठी मंडळींत अण्णांच्या बिअरची कीर्ती पसरली होती. गणपतीनंतरच्या सहलीला, कोणाच्या निरोपाला, कोणाच्या बढतीला त्यांच्या बाटल्या जात. सगळे म्हणत, "वा अण्णा, छान झालीय!" दोन वर्षांत एकाही माणसाने याहून निराळा शब्द उच्चारला नव्हता. आणि नेमके हेच अण्णांच्या जिवाला लागून राहिले होते.

"अरे, पहिल्या खेपेलाही छान आणि विसाव्या खेपेलाही छान," ते मला म्हणाले, "मग मी दोन वर्षं शिकलो काय?"

पन्नास गुणांचा पेपर

बिअरची परीक्षा हा आता एक रीतसर विषय झाला आहे. १९८५ साली अमेरिकेत बिअर परीक्षकांना शिकवून, त्यांची लेखी आणि चवीची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी संस्था निघाली. तिची गुणपत्रिका आज इंग्लंडातील हौशी मंडळेही वापरतात. एकूण गुण पन्नास. वासाला बारा, रूपाला तीन, चवीला वीस, तोंडातील स्पर्शाला पाच आणि एकंदर परिणामाला दहा. पंचेचाळीसच्या वर बिअर असामान्य; अडतीसपासून उत्कृष्ट; तीस ते सदतीस फार चांगली; एकवीस ते एकोणतीस चांगली; त्याखाली बेताची. कितीही बिघडलेली बिअर असली तरी तेराच्या खाली उतरायचे नाही, असा बहुतेक परीक्षकांचा शिरस्ता आहे. उत्तरपत्रिकेवर नाव-नंबर नीट लिहिल्याबद्दल दोन गुण देणाऱ्या आमच्या एका जुन्या सरांची मला आठवण झाली.

यातील रूपाचे तीन गुण मला फार आवडले. गाळीव, चकचकीत, फेसाळ दिसण्याला पन्नासात तीन! पुस्तकांच्या मुखपृष्ठांनाही हाच दर लावावा.

दुसरी गोष्ट म्हणजे, बाटलीवर कर्त्याचे नाव नसते. फक्त प्रकार लिहिलेला असतो. परीक्षक त्या प्रकाराच्या लक्षणांशी ती बिअर ताडून पाहतो. इंग्रजी पेल एलमध्ये माल्टचा बिस्किटासारखा खमंगपणा आणि यीस्टने आणलेला फळांचा हलका वास शोभून दिसतो. अमेरिकन पेल एलमध्ये हॉपने पुढे यावे लागते. लवंगेचा वास पेल एलला आला तर गुण जातात. तोच बव्हेरियातील गव्हाच्या बिअरला नसला तर जातात. लावणीत अभंगाचा संथपणा शोधू नये आणि अभंगात लावणीचा ठसका मागू नये, हे वर्गात सांगून सांगून ज्याचा घसा बसला आहे, त्याला ही पद्धत पटायला वेळ लागत नाही.

गॅरेजातली परीक्षा

अण्णांच्या शेजारी एक वृद्ध इंग्रज गृहस्थ राहतात. बर्टनच्या कारखान्यात त्यांची उमेद गेली. आता ते हौशी मंडळांच्या स्पर्धांत परीक्षक म्हणून बसतात. मंडळाच्या स्पर्धेला तीन आठवडे होते. त्याआधी आपली पेल एल त्यांनी तपासावी, अशी अण्णांनी विनंती केली. म्हाताऱ्याने दोन अटी घातल्या. एक, बिअर कोणाची आहे हे आपण विसरणार. दोन, त्या संध्याकाळी घरात फोडणी पडता कामा नये!

वहिनींनी हसत हसत दुसरी अट मान्य केली. हिंग-मोहरीचा वास घरात असला की नाकाला दुसरे काही सुचत नाही, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते. तरीही खबरदारी म्हणून बैठक गॅरेजात भरली. टेबलावर पांढरा कागद, साधे पाणी, बिनखारी बिस्किटे आणि तोंडाशी निमुळते होणारे तीन पेले. बिअर तळघराइतकी गार, बाराएक अंशांची. बर्फगार बिअरला वास नसतो, आणि वास नसला तर दोषही लपतात, असे म्हाताऱ्याने सांगितले.

पेल्यात तीन बोटे बिअर ओतताच त्यांनी ती प्रथम नाकाशी नेली. दिसण्याआधी वास, कारण काही वास क्षणभरात उडून जातात. दोनदा हुंगले, थांबले, पुन्हा हुंगले आणि काहीतरी खरडले. मग पेला कागदासमोर धरला. रंग जुन्या मधाचा, तळाचा कागद आरपार दिसत होता, फेस पांढरा आणि दाट. मग घोट. तोंडात फिरवला आणि गिळला. द्राक्षमद्याचे परीक्षक घोट थुंकतात. बिअरचे गिळतात, कारण कडवटपणाचा शेवट कसा होतो ते घशापर्यंत पोचल्याशिवाय कळत नाही. शाळेच्या पुस्तकात जिभेचा एक नकाशा असे, टोकाला गोड आणि मागे कडू. तो नकाशा शास्त्राने केव्हाच खोटा ठरवला आहे. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात.

"प्रोफेसर, तुम्हाला कशाचा वास येतो?" त्यांनी मला विचारले. "बिअरचे शब्द नकोत. तुमच्या घरातला शब्द सांगा."

मी हुंगले. वाळल्या गवताचा मंद वास होता, भाजल्या पावाचा होता. आणि त्यांच्या वर, अगदी ओळखीचा, रवी फिरवून थांबल्यावर ताकावर तरंगणाऱ्या गोळ्याचा. मी म्हणालो, "लोणी. ताजे लोणी."

म्हाताऱ्याचे डोळे चमकले. अण्णांचा चेहरा उतरला.

डायॅसिटिल हे त्या वासाचे शास्त्रीय नाव. ताज्या लोण्याचा वास ज्या द्रव्यांमुळे येतो त्यांतलेच हे एक. यीस्ट आपले काम करताना ज्या द्रव्यापासून हे तयार होते ते बाहेर टाकते, आणि काम संपत आले की तेच यीस्ट डायॅसिटिल पुन्हा शोषून घेते. पण त्याला तेवढी सवड मिळाली पाहिजे. घाईने बिअर गार केली किंवा बाटल्यांत भरली की लोणी मागे उरते. इंग्रजी पेल एलमध्ये त्याची पुसटशी छटा चालते. अण्णांच्या बिअरमध्ये ती छटा राहिली नव्हती, ती माल्टच्या आणि हॉपच्या पुढे येऊन उभी होती.

म्हाताऱ्याने बेरीज केली. वास सात, रूप तीन, चव दहा, स्पर्श चार, एकंदर परिणाम पाच. एकोणतीस.

अण्णांनी कागद दोनदा वाचला. एकोणतीस म्हणजे 'चांगली'. एक गुण वाढला असता तर 'फार चांगली'. इतका मोठा इंजिनिअर माणूस, पण त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर मला दरवर्षी स्टाफरूमच्या दाराशी उभे राहणारे विद्यार्थी दिसले.

"एकच गुण आहे," ते हसण्याचा प्रयत्न करीत म्हणाले. "रंगरूपाला तर पैकीच्या पैकी दिलेत."

म्हाताऱ्याने मान हलवली. "तो गुण मी दिला, तर तुम्ही आज रात्री शांत झोपाल आणि पुढच्या खेपेला हेच लोणी पुन्हा कराल. नाही दिला, तर झोपणार नाही. उठून कारण शोधाल."

गॅरेजात काही क्षण कोणी बोलले नाही. मग दाराशी उभ्या असलेल्या वहिनी मराठीत म्हणाल्या, "खरं सांगणारं एक माणूस भेटलं म्हणायचं. मला पहिल्यापासून तो वास येत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही नुसतं 'कशी झालीय?' म्हणता. त्याचं उत्तर 'छान' हेच असतं."

दोन बरण्या

गुणपत्रिकेचा मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग गुणांच्या रकान्यात नव्हता. तो खाली होता. तेथे परीक्षकाने, दोष कोठून आला असावा आणि पुढच्या खेपेला काय करावे, हे लिहायचे असते. नुसते 'लोण्याचा वास' लिहून चालत नाही. म्हाताऱ्याने लिहिले: बाटल्या भरण्याआधी बिअर किंचित उबेत आणखी तीन दिवस यीस्टवर राहू द्या. आणि त्याखाली एक सोपी परीक्षा लिहून दिली. दोन लहान बरण्यांत बिअर घ्यावी. एक बरणी तशीच ठेवावी; दुसरी झाकण लावून गरम पाण्यात थोडा वेळ ठेवावी आणि मग पहिलीइतकी गार करावी. उष्णतेने दडलेले द्रव्य डायॅसिटिल होऊन वर येते. गरम केलेल्या बरणीत लोणी हुंगायला मिळाले, तर बिअर अजून तयार नाही. दोन्हींत काहीच नसेल, तर खुशाल भरावी.

इतर दोषांचीही त्यांनी मला उजळणी करून दिली. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास आला तर यीस्टचे काम अर्धवट राहिले. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा आला तर रस पुरेसा उकळला नाही. भिजलेल्या पुठ्ठ्याचा आला तर बिअरला हवा लागून ती शिळी झाली. उन्हात ठेवलेल्या बाटलीला स्कंक नावाच्या अमेरिकन प्राण्याची दुर्गंधी येते, कारण प्रकाशाने हॉपमधील द्रव्य फुटते. म्हणून बाटल्या तपकिरी काचेच्या. प्रत्येक दोषाला घरगुती नाव, प्रत्येक नावामागे कारण, आणि प्रत्येक कारणावर उपाय.

ही यादी ऐकताना मला भरतमुनींची आठवण झाली. रसाची कल्पना समजावून देताना नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात त्यांनी दृष्टान्त घेतला आहे तो जेवणाचाच. नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न खाणारा जाणता माणूस जसे रस चाखतो, तसा प्रेक्षक भाव चाखतो. रस, रुची, आस्वाद, रसिक हे आमच्या साहित्यविचारातले सारे मोठे शब्द स्वयंपाकघरातून आले आहेत. पण येताना त्यांनी स्वयंपाकघरातील शिस्त मागेच ठेवली की काय, अशी मला शंका आहे. भाजी खारट झाली तर आजी 'मीठ दोनदा पडलं' असे सांगते. कवितासंग्रह फसला तर आपण 'एक आश्वासक प्रयत्न' म्हणतो. प्रकाशनसमारंभातील भाषणे आठवा, प्रस्तावना आठवा. विद्यार्थी वहीभर कविता घेऊन येतो, डोळ्यांत जीव आणून उभा राहतो, आणि आपल्या तोंडून तो सोपा, गुळगुळीत, कोणालाच न दुखवणारा शब्द निघू पाहतो: छान!

'छान' या शब्दात वाईट काही नाही. पाहुणा म्हणून जेवताना तो म्हणावाच. पण ज्याने मत मागितले आहे त्याला तो देणे म्हणजे रिकामी बाटली परत करण्यासारखे आहे. उलट, नुसते दोष काढणारा टीकाकारही तितकाच कुचकामी. त्याला लोण्याचा वास येतो, पण तीन दिवसांचा उपाय सांगता येत नाही. त्या म्हाताऱ्याने एकोणतीस दिले तेही पदरचे काही न ढळू देता, आणि चांगल्या गोष्टींची नोंद आधी करून. फेस उत्तम, कडवटपणा स्वच्छ, पाणी बर्टनला शोभेल असे. हे त्यांनी लोण्याच्या आधी लिहिले होते.

आणखी एक गोष्ट. लोण्याचा वास हा काही स्वतःहून वाईट वास नाही. आपल्याकडे त्यासाठी गोकुळात चोऱ्या झाल्या! जे लोणी ताकावर गुण, तेच पेल एलमध्ये दोष. लवंग मसाल्यात हवी, बिअरच्या या जातीत नको. दोष म्हणजे पुष्कळदा वाट चुकलेला गुणच असतो, हे कळले की सांगणाऱ्याची जीभ आपोआप सौम्य होते आणि ऐकणाऱ्याचा कानही उघडा राहतो.

अण्णांनी ती खेप स्पर्धेला पाठवली नाही. मी परत आल्यावर महिनाभराने त्यांचा फोन आला. नवी खेप केली होती. दोन बरण्या ठेवल्या. पहिल्या वेळी गरम बरणीत लोणी सापडले, म्हणून थांबले. तीन दिवसांनी पुन्हा पाहिले, तेव्हा दोन्ही सारख्या निघाल्या. स्पर्धेची तारीख तोवर उलटून गेली होती, पण शेजाऱ्याने पुन्हा कागद घेऊन तपासली. चौतीस.

"मग, झाली ना फार चांगली?" मी विचारले.

"झाली," अण्णा म्हणाले, "पण आता ते म्हणतात, हॉपचा वास शेवटी थोडा कमी पडतो. पुढच्या खेपेला दहा ग्रॅम वाढवतोय."

त्यांच्या आवाजात खंत नव्हती. चाळीस पाइंट 'छान' ऐकून जो माणूस बेचैन होत होता, तो आता एका कमतरतेचे नाव ऐकून कामाला लागला होता. त्या फोननंतर मी विद्यार्थ्यांच्या कवितांच्या वहीत शेवटी एक रकाना आखू लागलो आहे. त्यात गुण नसतात. पुढच्या खेपेला काय करावे, एवढेच असते. तो रकाना भरायला गुणांपेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागतो.